विद्यापीठातील शांतता आणि आपली मुले-मुली

मराठीत ‘शांतता’ हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. दंगल शमल्यावर गावात शांतता प्रस्थापित झाली असे वर्तमानपत्रे लिहितात, आणि रुग्णालयाच्या भिंतीवरही ‘शांतता राखा’ असाच फलक असतो. पहिल्या ठिकाणी भय संपल्याची ग्वाही असते. दुसऱ्या ठिकाणी तोंड बंद ठेवण्याची सूचना. विजय तेंडुलकरांच्या, १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ह्या नाटकात एका अविवाहित शिक्षिकेला खेळाच्या मिषाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, तेथे शीर्षकातील शांतता ही ह्या दुसऱ्या जातीची आहे.

विद्यापीठांत विद्यार्थिनींवर होणारे लैंगिक अत्याचार कमी करण्यासाठी शांतता-निर्मितीची कौशल्ये, म्हणजे ऐकून घेणे, संवाद घडविणे, तणाव वेळीच ओळखून तो निवळविणे, मध्यस्थी करणे, ही शिकवावीत असा विचार अलीकडे सर्वत्र मांडला जात आहे. विचार चांगला आहे. परंतु ही कौशल्ये वरीलपैकी कोणत्या शांततेच्या सेवेला जुंपावयाची, हे आधी ठरले पाहिजे. आपणा बहुतेकांची मुले-मुली येथील विद्यापीठांत शिकत आहेत किंवा दोन-चार वर्षांत शिकणार आहेत. तेव्हा ह्या विषयाकडे परक्याचे प्रकरण म्हणून पाहण्याची सोय आपल्याला नाही.

सिंगापूरमध्ये ह्या प्रश्नाला तोंड फुटले ते २०१९ साली. नोव्हेंबर २०१८ मध्ये नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरच्या (एन.यू.एस.) युसॉफ हॉल ह्या वसतिगृहात एक विद्यार्थिनी स्नान करीत असताना एका सहविद्यार्थ्याने चोरून तिचे चित्रण केले. पोलिसांनी त्याला बारा महिन्यांची सशर्त ताकीद दिली. विद्यापीठाने एका सत्रापुरते निलंबन केले, वसतिगृहात येण्यास बंदी घातली, समुपदेशन सक्तीचे केले आणि तिला क्षमापत्र लिहावयास लावले. कागदावर प्रकरण मिटले. त्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने मात्र ते मिटले नव्हते. ज्या आवारात ती राहत होती तेथेच त्याचाही वावर पुन्हा होणार होता, आणि ह्या निकालाविषयी तिचे मत कोणी विचारले नव्हते. एप्रिल २०१९ मध्ये तिने ही हकीकत समाजमाध्यमावर स्वतःच्या नावाने लिहिली. हजारो विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी निवेदनावर सह्या केल्या. २५ एप्रिलला विद्यापीठाने खुली सभा बोलावली, तेथे अधिकाऱ्यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. ‘पहिल्या अपराधाला ताकीद, दुसऱ्याला हकालपट्टी’ अशा स्वरूपाचे जे धोरण तोपर्यंत चालत आले होते, ते उघडच अपुरे आहे असे तत्कालीन शिक्षणमंत्री ओंग ये कुंग ह्यांनीच म्हटले.

त्यानंतर नियम झपाट्याने बदलले. विद्यापीठाच्या आढावा समितीने गंभीर अपराधाला किमान एक वर्षाचे निलंबन आणि गुणपत्रकावर त्याची नोंद अशी शिफारस केली. पीडितांच्या साहाय्यासाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. परस्पर आदर आणि संमती ह्या विषयावरील पाठ सर्व विद्यार्थ्यांना अनिवार्य झाला. १ जानेवारी २०२० पासून सिंगापूरच्या दंडसंहितेत चोरून पाहणे व चित्रण करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. विद्यापीठातील हे बदल एका मुलीने गप्प बसण्याचे नाकारल्यामुळे घडले. तिने ‘शांतता’ राखली असती तर आजही तेच जुने धोरण शांतपणे चालू असते.

त्याच वर्षी मे महिन्यात संसदेत सांगण्यात आले की, आधीच्या तीन शैक्षणिक वर्षांत येथील सहा स्वायत्त विद्यापीठांनी मिळून विद्यार्थ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाची ५६ प्रकरणे हाताळली. आकडा ऐकून अनेकांना हायसे वाटले असेल. लक्षावधी विद्यार्थ्यांत ५६ म्हणजे काहीच नाही! परंतु वैद्यकाच्या व्यवसायात तीस वर्षे काढलेल्या माणसाला असा आकडा निराळे काही सांगतो. एखाद्या जिल्ह्यात क्षयरोगाची नोंद अगदीच कमी दिसली, तर तेथे क्षय नाही असा निष्कर्ष कोणताही शहाणा डॉक्टर काढीत नाही. तेथे थुंकी तपासणारे कोणी आहे का, हे तो आधी पाहतो. तक्रारींची संख्या ही अत्याचारांची मोजदाद नसते. तक्रार करता येईल असे किती जणींना वाटले, एवढेच ती मोजते. म्हणून एखाद्या विद्यापीठात चांगली व्यवस्था सुरू झाल्यावर तक्रारी वाढल्या, तर पालकांनी घाबरून जाऊ नये. पहिली काही वर्षे तरी ते प्रकृती सुधारल्याचे लक्षण मानावे.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आपसात मिटण्याजोगे तंटे गावातच मिटविणाऱ्या गावांना शासनाने पुरस्कार दिले. बांधाच्या आणि भाऊबंदकीच्या वादांत पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या शेतकऱ्याला तिचा उपयोग झाला, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण ‘आमचे गाव तंटामुक्त’ अशी पाटी वेशीवर लागल्यानंतर त्या गावातील एखाद्या मुलीला तंटा उपस्थित करावयाचा असेल तर तिने काय करावे? पाटीचा मान राखण्याची जबाबदारी सर्वांत दुबळ्या माणसावर येऊन पडते. जगाच्या क्रमवारीत वरचे स्थान मिरविणाऱ्या विद्यापीठांच्या वेशीवरही अशीच एक अदृश्य पाटी असते.

नॉर्वेचे शांतता-संशोधक योहान गाल्टुंग (निधन २०२४) ह्यांनी साठच्या दशकात ह्याच गोष्टीला शास्त्रीय रूप दिले. उघड मारहाण थांबली की जी शांतता येते ती अभावात्मक शांतता. अन्यायाची मुळेच उपटली गेली की जी येते ती भावात्मक शांतता. हिंसेचेही त्यांनी प्रकार सांगितले: प्रत्यक्ष हिंसा, व्यवस्थेतील हिंसा आणि ह्या दोहोंना योग्य ठरविणारी सांस्कृतिक हिंसा. आंबेडकरी विचारात वाढलेल्या वाचकाला ह्यात नवे काही वाटणार नाही. ज्या गावात दंगल होत नव्हती त्या गावात शांतता नांदत होती, हा युक्तिवाद आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ ऐकला होता आणि तो खोटा आहे हे त्यांना अंगावरच्या वळांवरून ठाऊक होते.

आता मध्यस्थीकडे वळू. सिंगापूर हे मध्यस्थीचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. ७ ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे एन.यू.एस.मधील वादळानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी, मध्यस्थीतून होणाऱ्या समेटांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतासह ४६ राष्ट्रांनी ह्याच शहरात सह्या केल्या, आणि त्या कराराला सिंगापूरचेच नाव मिळाले. तो करार आहे आंतरराष्ट्रीय व्यापारी तंट्यांविषयी. दोन कंपन्या मालाच्या किमतीवरून भांडतात तेव्हा दोघींची पत कमी-अधिक सारखी असते, दोघींजवळ वकील असतात आणि समेट झाला नाही तरी दोघीही दुसऱ्या दिवशी दुकान उघडू शकतात. वसतिगृहातील मुलगी आणि तिच्यावर अत्याचार करणारा ह्यांच्यात अशी बरोबरी नसते. तो कदाचित तिच्या प्रयोगशाळेचा प्रमुख असेल, संघाचा कप्तान असेल, नाही तर नुसताच सर्वांचा आवडता असेल. अशा दोघांना टेबलाच्या दोन बाजूंना बसवून ‘थोडे तू सोड, थोडे तो सोडेल’ असे म्हणणे, ह्याला समेट म्हणता येत नाही. अत्याचारात अर्धाअर्धा वाटा कसा पाडणार?

येथे विनयपिटकातील एका नियमाची आठवण होते. चुल्लवग्गात संघातील वाद मिटविण्याचे सात मार्ग दिले आहेत. त्यांतील शेवटचा ‘तिणवत्थारक’, म्हणजे गवताने झाकणे. भिक्षूंमध्ये भांडण विकोपाला जाऊन दोन्ही बाजूंकडून पुष्कळ अनुचित बोलणे-वागणे झाले असेल, आणि एकेक गोष्ट उकरीत बसल्याने फूटच वाढणार असेल, तर घाणीवर गवत पसरावे त्याप्रमाणे सारे प्रकरण सर्वसंमतीने झाकून टाकावे, असा हा मार्ग. किती व्यवहारी शहाणपण आहे हे! परंतु त्याच नियमात दोन अपवाद स्पष्ट सांगितले आहेत. गंभीर दोष ह्या गवताखाली झाकता येत नाहीत. आणि गृहस्थांशी संबंधित दोष, म्हणजे संघाबाहेरच्या माणसांप्रती झालेले अपराध, तेही झाकता येत नाहीत. संघाने आपसात कितीही समजूत करून घेतली तरी बाहेरच्या माणसाचे जे नुकसान झाले त्याची माफी संघाला परस्पर देता येत नाही. विद्यापीठांच्या शिस्त समित्यांनी आणि आपल्यासारख्या मंडळांनीसुद्धा हे दोन अपवाद भिंतीवर लिहून ठेवावेत.

भारतीय कायदा जवळजवळ ह्याच ठिकाणी येऊन पोहोचला, पण फार उशिरा. राजस्थानातील भटेरी गावच्या साथीण भंवरीदेवी ह्यांच्यावर १९९२ साली झालेल्या अत्याचारानंतर महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, त्यातून १३ ऑगस्ट १९९७ चा ‘विशाखा’ निकाल आला, आणि त्याचा कायदा व्हावयास २०१३ साल उजाडले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम विद्यार्थिनींनाही ते संरक्षण देतात. ह्या कायद्यात समेटाला जागा आहे. मात्र तो केवळ पीडित स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या देवघेवीवर तो आधारता येत नाही. सारे मर्म ह्या अटीत आहे. समेटाचे दार आतून उघडावयाचे असते आणि त्याची कडी तिच्या हाती असते. प्राचार्य, कुलगुरू, जातीचे पुढारी किंवा मुलाचे काका ह्यांनी ते बाहेरून ढकलावयाचे नसते.

ही अट पाळली तर शांततेची कौशल्ये काय करू शकतात, आणि ती डळमळली तर काय होते, ह्या दोन्हींचा धडा कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाखेने दिला. डिसेंबर २०१४ मध्ये उघडकीस आले की, अंतिम वर्षाच्या १३ मुलांचा फेसबुकवर एक खाजगी गट होता आणि त्यात ते आपल्याच वर्गातील मुलींविषयी अत्यंत हिंसक व किळसवाणे मजकूर लिहीत असत. उद्या हेच हात रुग्णांना भूल देणार होते! वर्गातील अनेक मुलींनी हानी भरून काढण्यावर भर देणाऱ्या न्यायपद्धतीची वाट निवडली. १३ पैकी १२ मुले आणि १४ मुली त्यात सहभागी झाल्या. महिनोन् महिने बैठका झाल्या. ‘गंमत केली’ ह्या शब्दांच्या आड लपलेले काय होते ते मुलांना मुलींच्या समोर, त्यांच्याच तोंडून ऐकावे लागले. मे २०१५ मध्ये अहवाल आला आणि त्यात केवळ त्या मुलांचेच नव्हे, तर संपूर्ण शाखेच्या वातावरणाचे परीक्षण होते. हे यश खरे. पण जानेवारीत चार विद्यार्थिनींनी निनावी पत्र लिहून, ह्या प्रक्रियेत येण्यासाठी आपल्यावर दबाव येत आहे असे कळविले होते, हेही तितकेच खरे. माझ्या मते पहिली गोष्ट सांगून दुसरी न सांगणारे शांततेचे प्रशिक्षक धोकादायक आहेत. शिवाय तेथे प्रश्न लिखाणाचा होता. शारीरिक अत्याचाराच्या प्रकरणात पोलीस आणि न्यायालय ह्यांची जागा कोणतीही बैठक घेऊ शकत नाही.

मग ह्या कौशल्यांचे खरे क्षेत्र कोणते? मला ते तीन ठिकाणी दिसते: जो प्रथम ऐकतो त्याच्या कानात, जो जवळ उभा असतो त्याच्या पायांत, आणि आपल्या घरात.

ऐकण्याविषयी लिहिताना महाराष्ट्रातील मथुरा प्रकरण टाळून पुढे जाता येत नाही. १९७२ साली तत्कालीन चांदा जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा ह्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने आरोपी पोलिसांना दोषी ठरविले. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, सबब तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या विद्यापीठांत कायदा शिकविणाऱ्या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले की, शरण जाणे म्हणजे संमती देणे काय? त्या पत्राने उभ्या केलेल्या चळवळीतून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. विद्यापीठातील माणसांनी कोणाची शांतता भंग करावी, ह्याचे इतके चांगले उदाहरण आपल्याकडे दुसरे नसेल.

वैद्यकशास्त्राने चार दशकांनंतर त्या चौघांच्या बाजूने साक्ष दिली. स्टॉकहोम येथील बलात्कारपीडितांच्या तातडीच्या चिकित्सालयात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजून गेल्याचे सांगितले. हात हलत नाही, कंठातून शब्द फुटत नाही. भीतीच्या शिखरावर मेंदूचा आदिम भाग देहाला जणू कुलूप घालतो. त्यावर इच्छेचे नियंत्रण नसते. तेव्हा ‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न शास्त्रीय दृष्ट्याही अज्ञानाचा आहे, आणि तो विचारणाऱ्या आईला किंवा मैत्रिणीला कल्पना नसते की ह्या एका प्रश्नाने समोरचे दार कायमचे बंद झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या हस्तपुस्तिकेत आरोग्यसेवकांसाठी पाच साध्या पायऱ्या दिल्या आहेत. मध्ये न बोलता ऐकणे, गरजा विचारणे, तिच्या सांगण्यावर विश्वास असल्याचे आणि दोष तिचा नसल्याचे शब्दांत सांगणे, पुढील सुरक्षिततेचा विचार तिच्यासह करणे, आणि योग्य मदतीपर्यंत तिला पोहोचविणे. ह्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. माझ्याकडे झोप लागत नाही, पोट सारखे दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही अशा तक्रारी घेऊन विद्यार्थिनी येतात. सर्वच वेळी मागे असे काही असते असे नव्हे. पण जेव्हा असते तेव्हा ते सांगावयास तिसरी किंवा चौथी भेट उजाडते, आणि तोवर डॉक्टरने घड्याळाकडे पाहिले नसेल तरच ते सांगितले जाते. जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट: शारीरिक अत्याचारानंतर एच.आय.व्ही.-प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, आणि गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी बरी. ‘आज रात्र जाऊ दे, उद्या बघू’ हा सल्ला द्यावयाचा नाही.

दुसरे क्षेत्र बघ्यांचे. जुलै २०१६ मध्ये एन.यू.एस.ला विद्यार्थ्यांनी चालविलेले नवागतांचे स्वागतकार्यक्रम थांबवावे लागले होते, कारण त्यांतील खेळ अश्लीलतेच्या थराला गेले असल्याचे बाहेर आले. अशा खेळात एक-दोघे पुढाकार घेतात, एक-दोघी मान खाली घालून उभ्या असतात आणि उरलेले पंचवीस जण हसतात. त्या पंचवीसांपैकी अर्ध्यांना ते आवडलेले नसते. प्रत्येकाला वाटते की इतरांना आवडले आहे! शांततेचे शिक्षण ह्या पंचवीसांना द्यावयाचे आहे. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठातून सुरू झालेल्या ‘ग्रीन डॉट’ उपक्रमात विद्यार्थ्यांना बघ्याची भूमिका सोडण्याचे तीन मार्ग शिकवितात: थेट हटकणे; ते जमत नसेल तर ज्याला जमेल त्याला बोलावणे; तेही नसेल तर काही निमित्त काढून प्रसंगाचे लक्ष दुसरीकडे वळविणे. हा तिसरा मार्ग आपल्या लाजाळू मुलांना विशेष सोईचा. ‘अगं, तुला आईचा फोन आला आहे’ एवढे म्हणून एखाद्या मुलीला मेजवानीतून बाहेर काढता येते. त्यासाठी शूर असावे लागत नाही. केंटकीतील २६ माध्यमिक शाळांमध्ये ह्या उपक्रमाची शास्त्रीय चाचणी झाली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून लैंगिक अत्याचारांत घट दिसली. पहिल्या वर्षी दिसली नाही, हे एका दिवसाच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र वाटून मोकळ्या होणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

कॅनडातील तीन विद्यापीठांत मुलींना प्रत्येकी तीन तासांच्या चार बैठकांतून धोका ओळखणे व प्रतिकार करणे शिकविले, तेव्हा वर्षभरात पूर्ण बलात्काराचे प्रमाण हे शिक्षण न मिळालेल्या मुलींत ९.८ टक्के, तर त्यांच्यात ५.२ टक्के आढळले, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते. इतके ठोस फळ देणारे दुसरे काही माझ्या वाचनात नाही, आणि तरीही मनाला चुटपुट लागतेच की बारा तास मुलींनी द्यावेत आणि मुलांनी एकही नाही, हा कुठला न्याय?

आता घर. येथे शिकावयास येणाऱ्या कित्येक मुली आपापल्या घराण्यात परदेशी विद्यापीठात पाऊल टाकणाऱ्या पहिल्याच आहेत. त्यांच्यापैकी जिच्यावर प्रसंग ओढवतो, तिला विद्यापीठाची भीती असतेच. पण त्याहून मोठी भीती अमरावतीच्या किंवा नांदेडच्या फोनची असते. आईला कळले तर ती म्हणेल, ‘सामान बांध आणि ये.’ बोलली तर शिक्षण संपले, हा हिशेब ती मनाशी मांडते आणि गप्प राहते. शिक्षणशुल्काचे अनुदान घेतलेल्या विद्यार्थ्यांवर तीन वर्षे येथे नोकरी करण्याचे बंधन असते. त्यामुळे परतणेही सोपे नसते. येथेच वाढलेल्या आपल्या मुलींचा हिशेब थोडा निराळा, पण उत्तर तेच. मंडळातल्या काकूंना कळेल, बाबांची मान खाली जाईल. आपण मुलीला शिकविले, परदेशी आणले, संध्याकाळी आठनंतर कोठे जाऊ नये ह्याची शंभर वेळा सूचना दिली. पण काही झाले तर ‘तुझे शिक्षण थांबणार नाही’ हे एकदा तरी बोलून दाखविले आहे काय? प्रसंग येण्याआधीच, जेवणाच्या टेबलावर, सहज. हे वाक्य म्हणजे विमा आहे, आणि विमा अपघातानंतर उतरविता येत नाही.

मुलींविषयी पालक माझ्याशी बोलतात. मुलांविषयी अद्याप कोणी विचारले नाही. अठराव्या वर्षी येथील मुलगा राष्ट्रीय सेवेत जातो, दोन वर्षे केवळ पुरुषांच्या संगतीत राहतो, आणि एकविसाव्या वर्षी विद्यापीठात येतो. ह्या काळात बाप त्याच्याशी गुण, नोकरी आणि क्रिकेट ह्यांपलीकडे काय बोलतो? वसतिगृहातील त्या स्नानगृहाबाहेर जो उभा होता तोही कोणाचा तरी हुशार मुलगाच होता. २०१९ मध्येच रेल्वेत एका स्त्रीचा विनयभंग करणाऱ्या विद्यापीठीय तरुणाला, त्याच्या शैक्षणिक गुणवत्तेचा उल्लेख करून, कनिष्ठ न्यायालयाने केवळ परिवीक्षेवर सोडले. लोक संतापले. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा बदलून दोन आठवड्यांचा कारावास दिला. आणि मार्च २०२१ मध्ये मंत्री षण्मुगम ह्यांनी संसदेत स्पष्ट केले की, अशा अपराधांत आरोपीच्या शिक्षणाला वा उज्ज्वल भवितव्याला फारसे वजन मिळू नये. आपल्या समाजाने हे विशेष मनावर घ्यावे. आपण शिक्षणाला सर्वांत वर ठेवले, त्यामागे इतिहास आहे आणि ते योग्यच आहे. परंतु गुणपत्रिका ही वर्तनाची पावती आहे अशी समजूत त्यातून नकळत शिरली असेल, तर ती काढून टाकली पाहिजे.

आणि उद्या आपलाच मुलगा दोषी ठरला तर? बापाने त्याला टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. त्याच्याजवळ बसावे, त्याला खरे बोलावयास लावावे, वकील द्यावा, समुपदेशनाला स्वतः सोबत जावे. मात्र मुलीच्या घरी मध्यस्थ पाठवू नये. तिच्या वडिलांना ओळखणारा कोणी मंडळात आहे का, ह्याचा शोध करू नये. ‘दोन्ही घरांची अब्रू’ हा शब्द उच्चारू नये. आणि असा निरोप घेऊन जाण्याची विनंती आपल्याला कोणी केली, तर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी ती नम्रपणे पण तात्काळ परत करावी, मग विनंती करणारा कितीही जुना स्नेही आणि कितीही मोठा देणगीदार असो.

येथील विद्यापीठांचे नवे वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते. त्याआधीच्या जुलैतील एखादा रविवार मंडळाने ह्या विषयासाठी राखावा, अशी माझी सूचना आहे. वसतिगृहात जाणारी मुले-मुली आणि त्यांचे आई-बाप, दोघांनीही यावे. ‘कामात होतो’ हे वडिलांचे नेहमीचे कारण ह्या दिवशी चालू नये. अवेअर ही १९८५ पासून येथे स्त्रियांसाठी काम करणारी संस्था आहे. लैंगिक अत्याचारपीडितांसाठी तिचे स्वतंत्र केंद्र आहे. तेथील अनुभवी कार्यकर्तीला बोलवावे. पहिला तास मुलगे व मुली वेगळे बसावेत, म्हणजे दोघेही मोकळेपणी विचारतील. खुर्च्या गोलाकार मांडाव्यात. व्यासपीठ, हारतुरे, अध्यक्षीय समारोप ह्यांपैकी काहीही ठेवू नये. प्रश्न कागदावर, नाव न लिहिता, घ्यावेत. विद्यापीठाच्या साहाय्यकक्षाचा, अवेअरचा आणि पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाने त्याच वेळी आपल्या फोनमध्ये लिहून घ्यावा, मुलांनीसुद्धा. कारण रात्री दोन वाजता शेजारच्या खोलीतून मैत्रीण रडत येते, तेव्हा क्रमांक शोधत बसावयास वेळ नसतो.